प्लेटवर उगवला म्हणून गुन्हेगार?

सेरेशिया मार्सेसेन्स या जंतूशी माझी ओळख नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली. सकाळी इनक्युबेटर उघडायचा, आदल्या दिवशी जंतू वाढवायला लावलेल्या प्लेटा टेबलावर मांडायच्या आणि एकेकीचं झाकण उचलून वाचत बसायचं. रोजची गिऱ्हाइकं ठरलेली: ई. कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास. पण मधूनच एखादी प्लेट अशी निघायची की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीसुद्धा उठून बघायला यायच्या. कुंकवाचे ठिपके दिल्यासारख्या लालभडक कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वसाहती. तो सेरेशिया. दर वेळी लाल येतोच असं नाही. रुग्णालयातले त्याचे बरेच स्ट्रेन (एकाच जातीतले उपप्रकार) पांढरेच असतात, आणि ३७ अंशांना तर रंग आणखीच कमी. प्लेट बाहेर टेबलावर राहिली की मग दुसऱ्या दिवशी रंग धरायचा. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत जो गुलाबी बुळबुळीत थर साचतो, त्यातही पुष्कळदा हाच असतो.

दिसायला देखणा, पण नवजात बाळांच्या वॉर्डमधून आलेल्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, तो दिसला की आमच्या मॅडमचा चेहरा बदलायचा. मग आमची वरात निघायची: सिंकचे स्वॅब, साबणाच्या बाटल्यांचे स्वॅब, व्हेंटिलेटरच्या नळ्यांचे स्वॅब. आणि संध्याकाळी ‘साबणाच्या बाटलीत सापडला’ असं कुणी उत्साहाने सांगितलं की मॅडम शांतपणे विचारायच्या, “बाळाच्या रक्तातला आणि बाटलीतला एकच आहे, हे कशावरून? आणि ज्या वॉर्डात कुणी आजारी नाही तिथल्या बाटल्या बघितल्यास का?” म्हणजे कंट्रोल, तुलनेचा निरोगी नमुना, कुठे आहे. हा प्रश्न ऐकून ऐकून माझ्या कानांना घट्टे पडलेत.

निवृत्तीनंतर माहेरच्या घरी, मालवणला राहायला आले आणि वाचायला वेळच वेळ मिळाला. एका दुपारी फ्लोरिडाच्या प्रवाळांवरचा शोधनिबंध वाचताना हाच जंतू समोर आला. मी चहा तसाच ठेवून पहिल्यापासून परत वाचायला घेतलं.

गोष्ट अशी. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची माळ आहे, फ्लोरिडा कीज. तिथल्या की वेस्ट बेटाजवळच्या खडकांवर १९९६ मध्ये एल्कहॉर्न जातीच्या प्रवाळांवर पांढरे डाग दिसू लागले. हे जाड, चपट्या फांद्यांचं प्रवाळ. एके काळी कॅरिबियनमध्ये उथळ पाण्यात सगळीकडे तेच. डाग वेडेवाकडे, फांदीवर कुठेही उठणारे, आणि खाली उघडं पडलेलं पांढरं हाड. हाड म्हणजे चुनखडीचा सांगाडा. त्यावरचा जिवंत पापुद्रा दिवसाला सरासरी अडीच चौरस सेंटिमीटर या वेगाने नाहीसा होत होता, आणि उन्हाळ्यात जास्तच. या रोगाला ‘व्हाइट पॉक्स’ म्हणू लागले. फ्लोरिडा कीजमधलं एल्कहॉर्नचं जिवंत आच्छादन बहुतेक ठिकाणी ७० टक्क्यांहून अधिक घटलं. २००२ मध्ये कॅथरीन सदरलँड, जेम्स पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डागांमधून जंतू वेगळा काढला. सेरेशिया मार्सेसेन्स. आमचाच.

समुद्रात तो आला कुठून? फ्लोरिडा कीजची जमीन सच्छिद्र चुनखडीची. घरांच्या, हॉटेलांच्या सेप्टिक टँकमधलं आणि शोषखड्ड्यांतलं पाणी तिच्यातून सरळ समुद्रात झिरपतं. संशय मैल्यावर होताच, पण संशय आणि पुरावा यांत अंतर असतं. ते अंतर त्यांनी २०११ मध्ये कापलं. माणसाच्या सांडपाण्यातून मिळालेला सेरेशियाचा स्ट्रेन बंद टाक्यांमध्ये निरोगी एल्कहॉर्नच्या तुकड्यांवर सोडला आणि चार-पाच दिवसांत तेच डाग उमटले. डागांमधून तोच स्ट्रेन परत मिळाला. वटवाघळापासून माणसाला, डुकरापासून माणसाला, असे रोगांचे प्रवास आम्ही पाठ केले होते. माणसाच्या संडासातून प्रवाळाला, हा रस्ता अभ्यासक्रमात नव्हता. सुधारित सांडपाणी प्रक्रिया आली की या जंतूचा उगम आटेल, इतका सरळ उपायही त्यातून निघत होता.

इथे थांबले असते तर गोष्ट छान संपली असती. पण तीच मंडळी पुढेही नमुने घेत राहिली, आणि २०१५ मध्ये त्यांनीच छापलं की नंतरच्या वर्षांतल्या व्हाइट पॉक्सच्या बहुतेक डागांत सेरेशिया सापडतच नाही. डाग दिसायला तसेच, जंतू नाही. म्हणजे एकाच चेहऱ्याचे दोन रोग तरी असावेत, किंवा सेरेशिया हा त्या रोगाच्या अनेक कारणांपैकी एकच. माझ्या मनात त्या लोकांविषयीचा आदर इथे दुप्पट झाला. स्वतःचा गाजलेला निकाल असा पुन्हा तपासायला काढणारे कमी.

प्रवाळाची अडचण काय आहे ते जरा सांगते. प्रवाळ म्हणजे दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. हजारो इवले प्राणी एकाच सांगाड्यावर राहतात, त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि अंगावर कायम चिकट श्लेष्माचा थर असतो. त्या थरात जंतूंची ही गर्दी. घशाचा स्वॅब घेतला की प्लेटभर काहीतरी उगवणारच, त्यातलं आजाराचं कोणतं आणि नेहमीचं राहणारं कोणतं हे ठरवायला आम्हाला निदान शंभर वर्षांचा अनुभव हाताशी असतो. प्रवाळाच्या बाबतीत तो साठा नाही. शिवाय पापुद्रा मरू लागला की मेलेल्यावर जगणारे जंतू लगेच गोळा होतात. डागाच्या मधोमध स्वॅब फिरवला की जो सापडतो तो बहुधा मयताला आलेला असतो, मारायला आलेला नव्हे.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने यासाठीच नियम घालून दिले: जंतू प्रत्येक रोग्यात सापडला पाहिजे, तो शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे, निरोग्यात घातल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि तिथून तो परत मिळाला पाहिजे. गंमत म्हणजे १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवणाऱ्या खुद्द कॉखला तिसरा नियम काही साधला नाही, कारण त्याच्या प्रयोगातल्या जनावरांना कॉलरा होईचना. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचा जंतू, आणि पुढे जंतू गाळून काढलेला त्याच्या वाढीचा नुसता द्रव घालून, कॉलऱ्यातल्यासारखं पाणी आतड्यात सुटतं हे दाखवलं कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी, १९५० च्या दशकात. कॉखनंतर सुमारे सत्तर वर्षांनी. कॉलऱ्यासारख्या रोगाची ही कथा, तर समुद्राच्या तळाशी काय होत असेल!

काही रोगांत तर एक गुन्हेगार नसतोच. प्रवाळांचा पहिला नीट नोंदवलेला रोग म्हणजे ‘ब्लॅक बँड’, १९७३ मध्ये आर्नफ्रीड अँटोनियस यांनी बेलिझमध्ये पाहिलेला. प्रवाळावरून एक काळी पट्टी सरकत जाते, काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर रुंद. पुढे जिवंत प्रवाळ, मागे पांढरा सांगाडा. ती पट्टी म्हणजे सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या जंतूंच्या धाग्यांची चटई. त्यात गंधकावर जगणारे आणि सल्फाइड तयार करणारे जंतू एकत्र नांदतात. तळाशी ऑक्सिजन संपतो, सल्फाइड साचतं आणि पापुद्रा गुदमरतो. यातल्या कुणा एकाला पकडून काय उपयोग? टोळीचं काम आहे.

आणि काही खटल्यांत साक्षीदारच फिरतात. इस्रायलच्या किनाऱ्यावर ओक्युलिना नावाचं प्रवाळ दर उन्हाळ्यात पांढरं पडायचं. तेल अवीवच्या यूजीन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की हे व्हिब्रिओ शिलोई या जंतूमुळे होतं. कॉखचे सगळे नियम पाळून. पाणी २९ अंशांना असेल तर जंतू चढाई करतो, १६ अंशांना गप्प बसतो. हा जंतू हिवाळ्यात कुठे दडतो तेही शोधलं, एका केसाळ समुद्री किड्याच्या अंगात. इतकं बांधेसूद काम! आणि मग २००३ च्या सुमारापासून ओक्युलिनात तो जंतू सापडेनासा झाला. प्रयोगशाळेत जपून ठेवलेला स्ट्रेन घातला तरी प्रवाळाला ढिम्म काही होईना. प्रवाळाला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, मग प्रतिकार आला कुठून? रोझेनबर्ग यांचा तर्क असा, की अंगावरच्या जंतूंची वस्ती बदलली आणि नव्या वस्तीने व्हिब्रिओला थारा दिला नाही. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटाने तर म्हटलं की खुल्या समुद्रातल्या ओक्युलिनाच्या पांढरेपणाचं मुळातलं कारण जंतू नव्हेच. निकाल आजही दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

माझा भाचा इथे पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. मे महिन्यात त्याचा फोटो आला आणि खाली, “आत्ये, ह्यां काय गो? कोरलाक पण रोग येता?” त्याने पाण्याखालच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो, गोल दगडासारखं प्रवाळ, वरची बाजू पांढरीफटक. मी मोठा करून बघितला. पांढऱ्या भागातही एकेक खळगी भरलेली दिसत होती, बारीक शिंगं काचेसारखी पारदर्शक, पण जागेवर. म्हणजे प्राणी जिवंत, फक्त त्यांच्यातलं शैवाल निघून गेलेलं. हे ब्लीचिंग, उष्णतेचं. रोगात पापुद्राच नाहीसा होतो, खळग्या रिकाम्या होतात, कडा धारदार दिसतात, आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ चढतं. पोपटमाशाने खरवडलेलं असेल तर दातांच्या जोड-रेघा दिसतात आणि सांगाडाही खरचटलेला असतो. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी शेजारी पट्टी धर, तेच प्रवाळ त्याच बाजूने आठवड्याने परत काढ. डाग वाढला का, कुठल्या कडेने वाढला, हे एका फोटोत कळत नाही. तो म्हणाला, पर्यटक पट्टीचे पैसे देतील काय. दिले नाहीत तरी काढतो मात्र.

मालवणच्या प्रवाळांचे रोग कुणी बघितलेच नाहीत असं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांच्या सांगाड्यावर गाठींसारखी वेडीवाकडी वाढ नोंदवली आहे. हा जंतूंचा रोग आहे असं कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण फ्लोरिडाचं वाचल्यापासून आमच्या किनाऱ्यावर नवा होमस्टे बांधला जाताना दिसला की माझी नजर आधी रेतीत खणलेल्या सेप्टिक टँककडे जाते. घरच्यांना याचा वैताग येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगते. तारामाशांची.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सनफ्लॉवर स्टार नावाचा तारामासा असतो. हात पाच नव्हे, चोवीसपर्यंत. मोठा झाला की एक मीटर रुंद. हा तिथला वाघ; सी अर्चिन नावाचे काटेरी गोळे खाऊन तो त्यांची संख्या आवाक्यात ठेवतो. २०१३ मध्ये तारामासे विरघळू लागले. विरघळू लागले हे शब्दशः. आधी अंगावर पांढरट चट्टे, मग हात पिळवटतात, मग एकेक हात धडापासून सुटतो आणि सुटलेला हात थोडा वेळ एकटाच सरपटत जातो. शेवटी दगडावर नुसता लगदा. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत वीसहून जास्त जातींना हे झालं. सर्वांत मोठा फटका सनफ्लॉवर स्टारला: सुमारे पावणेसहा अब्ज प्राणी मेले असा अंदाज आहे, म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक. २०२० मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. वाघ गेल्यावर अर्चिन माजले आणि केल्प या उंच समुद्री शेवाळाची जंगलं फस्त करत सुटले. उत्तर कॅलिफोर्नियात नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. त्यात त्या वर्षांतल्या समुद्री उष्णतेच्या लाटेचाही हात होता.

कारण शोधायला झुंडीने लोक लागले. २०१४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या इयन ह्युसन यांच्या गटाने एका विषाणूकडे, डेन्सोव्हायरसकडे, बोट दाखवलं. आजारी प्राण्याचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जंतू अडकावेत आणि विषाणूच खाली यावेत. तो टोचल्यावर निरोगी तारामासे आजारी पडले. वर्तमानपत्रांत छापून आलं, मामला मिटला असं वाटलं. मग तोच विषाणू निरोगी तारामाशांतही सापडू लागला, आणि प्रयोग पुन्हा केले तेव्हा तसे निकाल येईनात. ह्युसन यांनी स्वतःच पुढच्या अभ्यासांतून हा संबंध टिकत नाही हे मांडलं आणि वेगळा विचार सुचवला: प्राण्याच्या त्वचेलगत जंतूंनी ऑक्सिजन खाऊन टाकल्यामुळे तो गुदमरत असेल. बरीच वर्षं अशी ‘कारण अज्ञात’ या शेऱ्याखाली गेली.

मग ब्रिटिश कोलंबियातली हाकाई इन्स्टिट्यूट, तिथलं विद्यापीठ आणि वॉशिंग्टनमधले लोक यांनी २०२१ पासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मेलनी प्रेंटिस, ॲलिसा गेमन आणि सहकारी. निवांत, पायरीपायरीने. वॉशिंग्टन राज्यातल्या मॅरोस्टोन बेटावर एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथे स्वच्छ केलेलं समुद्राचं पाणी, प्रत्येक तारामासा वेगळ्या टाकीत, आणलेला प्राणी आधी काही काळ वेगळा ठेवून आजारी नाही ना हे बघूनच प्रयोगात. आजारी प्राण्याचा अर्क किंवा द्रव निरोग्याला टोचायचा. शेजारच्या टाकीत तोच द्रव, पण आधी तापवलेला. टोचलेले आठ-पंधरा दिवसांत गळून पडू लागले, तापवलेला द्रव मिळालेले ठणठणीत. म्हणजे जे काही मारत होतं ते जिवंत होतं. माझ्या मॅडमना हा आराखडा दाखवायला हवा होता. काही बोलल्या नसत्या, पण चष्मा पुसला असता.

पण खरी मेख पुढे आहे. इतकी वर्षं बहुतेकांनी नमुने घेतले ते चट्ट्यांतले, सडणाऱ्या मांसातले. या लोकांनी तारामाशाच्या पोकळीतला द्रव बघितला. तारामाशाला आपल्यासारखं रक्त नसतं. त्याच्या शरीराच्या पोकळीत पातळ द्रव असतो, तोच त्याचं रक्त समजा. आमच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर जखमेचा स्वॅब सोडून त्यांनी ब्लड कल्चर मागवलं. आठवड्याच्या जखमेचा स्वॅब आला की प्लेटवर पाच प्रकारच्या कॉलन्या उगवतात आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं हा प्रश्न पडतो. ब्लड कल्चरमध्ये काही उगवलं तर मात्र खुर्चीवरून उठायचं असतं. आजारी आणि निरोगी तारामाशांच्या द्रवातले जंतू ताडून पाहिले तेव्हा ठळक फरक एकच निघाला: व्हिब्रिओ. आजाऱ्यांत भरपूर, निरोग्यांत नाही. जात व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, जी १९९८ मध्ये फ्रान्समधल्या शिंपल्यांच्या पिलांना मारणारी म्हणून वर्णिली गेली होती. ॲमी चॅन यांनी तो शुद्ध वाढवला, मग तो निरोगी तारामाशांना टोचला, ते तसेच गळून मेले आणि त्यांच्यातून तोच परत मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पहिला तारामासा विरघळल्याला बारा वर्षं झाली होती.

हा निबंध मी आमच्या जुन्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एरवी तिथे सुप्रभात आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनची माहिती चालते. त्या दिवशी तासभर चर्चा झाली. व्हिब्रिओ म्हटलं की आम्हाला व्हिब्रिओ वाढवायची टीसीबीएसची हिरवी प्लेट आठवते, पावसाळ्यातल्या कॉलऱ्याच्या पेशंटची, पिवळ्या चपट्या कॉलन्यांची. एकीने लिहिलं, “बारा वर्षं ब्लड कल्चर कुणीच पाठवलं नाही?” ते तितकं सोपं नव्हतं, हे मी तिला फोनवर समजावलं. तारामाशाच्या ऊतीचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघितले तर हा जंतू सहज नजरेत येत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ असतोच, त्यामुळे सापडला तरी ‘असणारच’ म्हणून सोडून दिला जातो.

गुन्हेगार नक्की झाल्याचा उपयोग लगेच दिसतो. सनफ्लॉवर स्टारची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते आहे. समुद्रात सोडण्याआधी त्यांच्यात हा व्हिब्रिओ आहे का ते तपासता येईल, कुठली पिल्लं तग धरतात ते बघून निवडता येईल. ब्रिटिश कोलंबियाच्या काही खोल, थंड खाड्यांमध्ये हे तारामासे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. व्हिब्रिओंना गरम पाणी मानवतं, तेव्हा तिथल्या थंडीचा यात किती वाटा आहे हे आता नुसत्या अंदाजावर सोडायची गरज नाही.

व्हिब्रिओ घराण्याबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर वाचणारा घरातल्या प्रत्येकाला दोषी धरेल. २००९ पासून चीन, व्हिएतनाम, थायलंडमधल्या कोळंबीच्या तळ्यांत पिल्लं सोडल्यावर महिन्याभरात मरायला लागली. ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने २०१३ मध्ये व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस पकडला. कच्ची-अर्धी शिजलेली मासळी खाल्ल्यावर माणसाला जुलाब करणारी तीच जात. पण साधा पॅराहिमोलिटिकस कोळंबीला हे करत नाही. ज्याच्याकडे एक विशिष्ट प्लास्मिड (डीएनएचं सुटं कडं) आहे, आणि त्यावर विषाची दोन जनुकं आहेत, तोच करतो; ते विष कोळंबीच्या यकृताच्या जागी असलेली ग्रंथी उसवून टाकतं. म्हणजे रिपोर्टमध्ये नुसतं जातीचं नाव लिहून भागत नाही. इकडे कोळंबीची तळी करणाऱ्या ओळखीच्या लोकांच्या तोंडी ‘व्हिब्रिओ निघाला’ हे वाक्य नेहमी असतं, आणि मी दर वेळी ‘कुठला?’ असं विचारते. आता मला बघून विषय बदलतात.

फ्लोरिडात मात्र गुन्हेगार अजून हाती लागलेला नाही आणि तरीही उपचार चालू आहेत. २०१४ मध्ये मायामीजवळ व्हर्जिनिया की इथे एक नवा रोग उभा राहिला. त्याचं लांबलचक नाव स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज, थोडक्यात एससीटीएलडी. पापुद्रा सांगाड्यावरून सुटत जातो, आणि शेकडो वर्षांचं मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उघडं पडतं. वीसहून जास्त जाती त्याच्या तावडीत. तिथून तो मेक्सिको, जमैका, व्हर्जिन आयलंड्स असा कॅरिबियनभर पसरला. खांबांसारखं उभं वाढणारं पिलर कोरल फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ संपलं. संशयितांची यादी मोठी आहे, काही जंतू, काही शैवालातले विषाणू. एकावरही कॉखचे नियम पूर्ण झालेले नाहीत.

पण एक गोष्ट लक्षात आली. अमॉक्सिसिलिन दिलं की डाग थांबतो. म्हणजे निदान रोग पुढे नेण्यात तरी जंतूंचा हात आहे. मग पाणबुडे काय करतात, तर अमॉक्सिसिलिनची पूड मलमासारख्या एका घट्ट लगद्यात, एकास आठ या प्रमाणात मळतात, मोठ्या सिरिंजमध्ये भरतात आणि डागाच्या कडेने, मेलेलं आणि जिवंत यांच्या सीमेवर, बोटाने दाबून लावतात. त्या लगद्यातून औषध साधारण तीन दिवस हळूहळू सुटतं. लावलेला डाग बहुतेकदा थांबतो. पण त्याच प्रवाळावर दुसरीकडे नवा डाग उठला तर परत खाली जायचं, परत लावायचं.

कल्चर पाठवायच्या आधी अँटिबायोटिक चालू करणाऱ्या डॉक्टरांवर मी उभी नोकरी करवादत आले. इथे मात्र मला त्या पाणबुड्यांची बाजू पटते. एवढ्या वयाचं प्रवाळ गेलं तर ते आपल्या नातवंडांनाही परत दिसायचं नाही, आणि रिपोर्ट यायला बारा वर्षं लागू शकतात हे तारामाशांनी दाखवलंच आहे. फक्त समुद्रात अँटिबायोटिक पेरत राहायचं म्हणजे रेझिस्टन्स आज ना उद्या येणार, ही भीती त्यांनाही आहे.

म्हणून फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथल्या स्मिथसोनियनच्या केंद्रात दुसरा मार्ग चाचपला गेला. रोगाला दाद न देणाऱ्या एका प्रवाळावरून त्यांना स्युडोअल्टरोमोनास वंशाचा एक जंतू मिळाला, जो स्वतःच दुसऱ्या जंतूंना मारणारी रसायनं तयार करतो. २०२३ मध्ये त्यांनी छापलेले आकडे असे: रोगट अशा २२ तुकड्यांवर तो लावला, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश तुकड्यांत रोग मंदावला किंवा थांबला, आणि निरोगी तुकडा रोग्याला चिकटवून ठेवायच्या १२ प्रयोगांत तर एकदाही लागण पुढे गेली नाही. रोझेनबर्ग यांचा तो जंतूंच्या वस्तीचा तर्क इथे औषध होऊन आला म्हणायचा. खुल्या समुद्रात हे करताना प्रवाळावर वजन लावलेली प्लास्टिकची पिशवी पालथी घालतात, तिच्यात जंतूंचं द्रावण सोडतात आणि ते अंगाला लागेपर्यंत पिशवी तशीच ठेवतात. मला विचाराल तर मलमापेक्षा ही पिशवी बरी. पण एका पिशवीखाली एकच प्रवाळ मावतं, पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत फार तर तासाभराची हवा असते, आणि फ्लोरिडाचा रीफ, म्हणजे प्रवाळांचा पट्टा, साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे.